असा परिवार आहे

पेढे कशाचे ते माळवदे सर काही सांगेनात.

"आधी तोंडात टाक, मग सांगतो," म्हणाले.

मी पेढा हातातच धरून उभी राहिले. माझा स्वभावच तसा. सर काटकसरी माणूस. ऑफिसात चहा सांगायचा तर तिघांत दोन सांगणार. त्यांनी विट्याच्या बाजारातून चांगले केशरी पेढे आणावेत, म्हणजे कुठं तरी पाणी मुरत होतं.

"सर, कुणाला विकलं?" मी विचारलं.

सर हसले, पण डोळे हसले नाहीत. "तुला नं माला, ज्योतिषी व्हायला पाहिजे होतं. पुण्याची कंपनी आहे. सप्तरेखा मीडिया. एकालाही काढणार नाहीत, नाव 'हाळी'च राहणार. आता खा की पेढा!"

खाल्ला. गोड होता.

'हाळी' म्हणजे आमचं बातम्यांचं पोर्टल. सरांनी एका मोठ्या दैनिकातली नोकरी सोडून ते काढलं, एका स्पेअरपार्टच्या दुकानाच्या माडीवर. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर. दोन मुलं बातम्या टाकायला, गावोगावचे वार्ताहर, आणि मी. पण 'हाळी' जगलं ते बातम्यांवर नाही. निधनांवर जगलं.

हसू नका. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी पोरं कोइंबतूरला, कानपूरला, सेलमला, कुठं कुठं जाऊन दुकानं टाकतात, आणि गावात राहतात म्हातारी माणसं अन् कुसळाची माळरानं. त्या पोरांना गावाकडचं काय हवं असतं? पाऊस पडला का, आणि कोण गेलं. कोण गेलं हे पहिलं 'हाळी'वर कळायचं. नाव, गाव, वय, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे', आणि शेवटी रक्षाविसर्जन कधी. ते शेवटचं वाक्य वाचून माणसं विमानाची तिकिटं काढायची.

हा कॉलम मी उभा केला होता. माणूस गेला की आधी मला फोन यायचा, पाहुण्यांना मागाहून. "ताई, नाव नीट घाला बरं का." एकही नाव मी कधी चुकवलं नाही. माझ्याकडं शेत नाही की बंगला नाही. लोक रडता रडता माझ्यावर भरवसा टाकत होते, हीच माझी इस्टेट. नवा मालक काय नेईल ते नेवो, एवढी जाऊ नये, अशी माझी धडपड होती.

आठवड्याभरात कंपनीचा माणूस आला. ऋतुराज साने. कोवळा, गोरा, इस्त्रीचा. 'अहो ताई' म्हणून बोलायचा. पायऱ्या चढून आला तर दारात बूट काढले. आमच्या ऑफिसात आजवर कुणी बूट काढले नव्हते, आमदारानंही नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यानं कुणाला काढलं नाही. उलट नवे कॉम्प्युटर आले, वार्ताहरांना फोन मिळाले. आम्ही धास्तावलो होतो ते एका बातमीपायी. वाळूउपशावर आम्ही मालिका चालवली होती आणि त्यात मोठमोठी नावं होती. कुणीतरी पुढाऱ्यानंच मागच्या दारानं 'हाळी' घेतलंय, आता ती मालिका पुसणार, असा आमचा होरा. मी रोज सकाळी येऊन आधी ती मालिका उघडून बघायची. जागेवर असायची. मांजर दुधाजवळ बसलंय आणि पीत नाही, असं काहीसं चाललं होतं.

"तुमचं बलस्थान निधनवार्ता आहे, ताई," साने एकदा म्हणाले. "ती आपण अजून चांगली करू. 'दोन मुले, सुना' एवढंच का? नावं घालू ना. कोण कुठं असतं, काय करतं. लोकांना बरं वाटतं."

"नावं घालायला हरकत नाही."

"आणि फोन नंबर. ते छापायचे नाहीत हं. फक्त आपल्या ॲपवर भरायचे. आपल्यातर्फे घरच्यांना सांत्वनाचा मेसेज जाईल."

"कशासाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे मेलेल्याच्या घरी मेसेज पाठवून कंपनीला काय मिळतं?"

साने हसले. "ताई, सगळंच मिळण्यासाठी करायचं असतं का?"

या उत्तरावर बोलता येत नाही. बोललो तर आपणच हलके ठरतो. मी नंबर भरायला लागले, पण महिनाभर ताकही फुंकून प्याले. पहिले नंबर भरल्यावर स्वतः त्या घरांत फोन करून विचारलं, काही विकायला वगैरे कुणी आलं का? विम्याचे फोन येतात का? छे! उलट लोक खूश. "ताई, किती चांगला मेसेज आला हो. आईच्या नावानिशी." एका पोरानं तर तो मेसेज फ्रेम करून भिंतीवर लावला. मग वार्ताहरांचं मानधन वाढलं, पण फक्त निधनाच्या बातमीचं. अपघात, यात्रा, ग्रामसभा, सगळ्याला जुनाच दर. मी ते सरांना दाखवलं.

"तुझा संशय म्हणजे ना," सर म्हणाले, "देवानं प्रसाद दिला तरी त्यात खडा शोधशील."

एव्हाना आमची मालकीही फिरायला लागली होती. सप्तरेखा मुंबईच्या एका कंपनीत विलीन झाली. ती दिवाळीच्या आत आणखी कुठल्या तरी समूहात गेली. पगाराच्या चिठ्ठीवर दर खेपेला नवं नाव. पोरीचं नाव लग्नात एकदा बदलतं, आमचं वर्षात तिसऱ्यांदा बदललं. सासरा कोण, हे काही केल्या कळेना. सानेंना विचारलं तर म्हणाले, "वरच्या लेव्हलचं असतं ते."

तशात माझ्या मावशीचा नवरा गेला.

तात्या म्हणायचो आम्ही त्यांना. करंजओढ्याला त्यांची माळाची जमीन, मधे विहीर, विहिरीवर घर. दोन मुलगे. थोरला जयवंत कोइंबतूरला, धाकटा शहाजी कानपूरला, दोघांचीही गलाईची दुकानं. आणि तिसरा नवनाथ. हा तात्यांच्या बहिणीचा मुलगा. आईबाप गेले तेव्हा रांगत होता, मावशीनं त्याला पदराखाली घेतला आणि वाढवला. सेलमला नोकरी करत होता, पण तात्या अंथरुणाला खिळले तसा ती सोडून आला. वर्षभर तात्यांचं सगळं त्यानंच केलं.

बातमी मीच लिहिली. 'त्यांच्या पश्चात पत्नी' इथवर आले आणि थांबले. कागदोपत्री मुलगे दोन. पण वर्षभर ज्यानं कूस बदलून दिली त्याला कुठं बसवायचं? आमच्याकडं अशा वेळी कोणी वंशावळ काढत बसत नाही, ज्यानं केलं तो मुलगा. मी लिहिलं, 'पत्नी, जयवंत, शहाजी व नवनाथ ही तीन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' ॲपवर तिघांचे नंबर भरले. नवनाथनं गावी आल्यावर नवं सिमकार्ड घेतलं होतं. घरातली माणसं सोडली तर तो नंबर कुणाकडं नव्हता.

मावशीनं कुणाकडून तरी ती बातमी वाचून घेतली. मला जवळ ओढून म्हणाली, "तीन लिवलंस ग माले. माझ्या मनातलं लिवलंस."

इतकी वर्षं शब्दांवर पोट भरतेय, पण असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. माणसं ओढ्यावरून परतली, कावळा शिवला म्हणून सगळ्यांच्या जिवाला जरा निवांत वाटत होतं. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. दोघं उतरले. एकाच्या हातात हार. त्यांनी तात्यांच्या फोटोला हार घातला, मावशीच्या पाया पडले. आम्हाला वाटलं, पोरांच्या ओळखीचे असतील. पोरांना वाटलं, गावातले असतील.

हारवाल्यानं फोन काढून नंबर लावला. माझ्या शेजारी बसलेल्या नवनाथच्या खिशात वाजला.

"नवनाथराव आपणच का? बरं झालं. जयवंतशेठ, शहाजीशेठ, नवनाथराव, तिघंही बंधू एकत्र भेटलात."

"आपण कोण?" जयवंतनं विचारलं.

"आम्ही भूमिसेतूकडून. माळावर सौरप्रकल्प येतोय, त्यासाठी जमिनी घेतोय. ही वेळ नव्हे, कळतं आम्हाला. पण कसं असतं, पुन्हा तुम्ही सगळे एका जागी कधी यायचे? एक कोइंबतूरला, एक कानपूरला. वारसांच्या सह्या एकाच वेळी झालेल्या बऱ्या." त्यानं बॅगेतून संमतीपत्रं काढली. छापून तयार होती. मावशी धरून चार नावं. तिघं मुलगे.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सातबारावरून नावं काढली असती तर नवनाथ आला नसता. तलाठ्याकडून आणली असती तरी आला नसता. रेशनकार्डावरही तो कुठं नव्हता. जगात एकाच ठिकाणी तात्यांना तीन मुलगे होते, माझ्या बातमीत. आणि तो फोन नंबर बातमीतही नव्हता. तो फक्त मी कंपनीच्या ॲपवर भरला होता.

वर्षभर मी वाळूच्या बातमीवर पहारा देत बसले होते. चोर दुसऱ्याच दारानं आला होता, आणि कडी मीच काढून दिली होती.

"या कागदांवर सही करू नका," मी उठून म्हणाले. "हे कुठून आलेत ते मला..."

पण माझं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. शहाजी कागद वाचत होता, आणि त्याचा चेहरा बदलत चालला होता.

"ह्याचं नाव कसं काय ह्यात?"

अंगणातली माणसं नवनाथकडं वळली.

"मला काय म्हाईत?" नवनाथ म्हणाला. "मी तर बघितलंबी न्हाई."

"तुझ्याच फोनवर फोन आला की आत्ता! आमच्या आला का? म्हंजे आधीपास्नं बोलणं झालंय तुमचं."

"शहाजी, अरे नाव मी घातलंय," मी म्हणाले. "बातमीत मी लिहिलं, त्यावरून ह्यांनी..."

"आक्का, तू बातमीत लिवलंस म्हणून कुणी वारस लावतं व्हय? एवढं खुळं समजतीस काय आमाला? वर्षभर म्हाताऱ्याजवळ हा एकटाच हुता. काय काय लिहून घेतलंय कुणाला ठावं!"

नवनाथनं मावशीकडं पाहिलं. मावशी म्हणाली, "शहाजी, त्यानं तुज्या बापाचं गू-मूत काढलंय रं."

"म्हणून जमीन द्यायची काय त्याला?"

हारवाला मोठा तयारीचा. त्यानं ओळखलं, चूक झालीय, पण चूक फायद्याची आहे. हळूच म्हणाला, "नावाचा काही घोळ असेल तर आपण दुरुस्त करू. मात्र लवकर निकाल लागलेला बरा. पुढं कुणी दावा लावला तर वर्षानुवर्षं अडकतं."

झालं. जयवंत शहाणा, सबुरीचा, तोही डगमगला. दोघं भाऊ विहिरीकडं जाऊन कुजबुजत राहिले. परत आले ते ठरवूनच. नवनाथचं नाव काढलेला नवा कागद गाडीतल्या छपाईयंत्रावर निघाला. गाडीत छपाईयंत्र घेऊन फिरतात ही माणसं! मावशीनं जमीन विकायची नाही म्हणून आयुष्य काढलं होतं. तिला दोघांनी मध्ये बसवलं. "आई, तू सही केली न्हाईस तर उद्या हा कोर्टात जाईल. मग आमचं तोंड बघू नको."

मी तिचा हात धरला. "मावशी, नको करू."

"पोरं तुटत्यात ग," ती म्हणाली आणि सही केली. घर आणि विहिरीपुरता तुकडा तेवढा तिनं मागून घेतला.

तेराव्याला नवनाथ पंगतीला बसला नाही. वाढायला होता. दोघं भाऊ विधी उरकून आपापल्या गाड्यांना निघून गेले, त्याच्याशी न बोलता.

मी ऑफिस गाठलं. साने पुण्याहून आलेले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही, पाणीसुद्धा पुढं केलं.

"फार वाईट झालं, ताई. पण यात बेकायदा काय आहे?"

"लोकांनी नंबर मला दिले होते."

"कंपनीला दिले होते. समूहातल्या सगळ्या कंपन्यांना माहिती वापरता येते. विलीनीकरणाच्या करारातच आहे."

"भूमिसेतू आपल्या समूहात आहे?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "असावी. सगळी यादी मलाही माहीत नसते."

साने खोटं बोलत नव्हते. त्यांनाही मालक माहीत नव्हता. आयुष्यभर माणसांवर संशय घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याला चेहराच नव्हता. मग मला कळलं, 'हाळी' त्या वरच्या लोकांनी बातम्यांसाठी घेतलंच नव्हतं. परमुलखात पांगलेली भावंडं एकाच छपराखाली कोणत्या दिवशी सापडतात, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते आम्ही शेवटच्या ओळीत रोज छापत होतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी माळवदे सरांच्या घरी गेले. ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं होतं का, आपलं पोर्टल कशाला पाहिजे म्हणून?"

सरांनी झारी खाली ठेवली. "माला, विचारलं असतं तर विकता आलं नसतं."

त्यांच्यावर ओरडायला गेले होते, ओरडता आलं नाही. म्हातारे दिसायला लागले होते. मी राजीनामा दिला. जाण्याआधी जमेल त्या वार्ताहराला फोन करून सांगितलं, नावं देऊ नका, नंबर देऊ नका. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, "ताई, मानधन बरं मिळतंय."

मी स्वतः गावोगाव फिरून लोकांना सांगत राहिले. शाळांत, पारावर, बचत गटात. लोक ऐकायचे, मान डोलवायचे. पण पुढं पुढं माझ्या लक्षात यायला लागलं, मी जवळ गेले की बोलणं थांबतं. आजारी माणसाच्या घरी सहज डोकावले तरी घरातली बाई दार अर्धंच उघडायची. "बरं हाय आता त्यास्नी," म्हणायची, आणि आतून कण्हणं ऐकू यायचं. राग नाही आला. वाईट मात्र फार वाटलं. दुधानं पोळलेल्यांना मी ताक फुंकायला शिकवत होते, पण त्यांच्या लेखी पोळणारं दूध मीच होते.

मावशीकडं मात्र जायची. ती आणि नवनाथ, दोघंच राहायचे. चहा द्यायची, सुखदुःखाचं बोलायची. तात्यांच्या बातमीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीही नाही.

एका उन्हाळ्यात काही दिवस जाणं झालं नाही. मग आठवण आली म्हणून सकाळची एसटी धरली. माळावर नजर पोचेल तिथवर काळ्या काचा उन्हात चकाकत होत्या. घराचं दार उघडं होतं. नवनाथ ओसरीवर बसला होता, डोकं भादरलेलं.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"कधी?" मी विचारलं.

"झालं की. रक्षा सावडून चार दिस झालं."

"मला कळवलं नाहीस?"

"आईनं सांगितलं हुतं, आक्का. मालीला रक्षा झाल्याबिगर सांगू नगंस."

जिला वाईट बातमी सगळ्यांच्या आधी कळायची, तिला तिच्या मावशीची शेवटी कळली. आणि तसं मावशीनंच ठरवलं होतं.

"जयवंत? शहाजी?"

"त्यास्नीबी न्हाई कळवलं अजून. तसंच सांगणं हुतं तिचं." नवनाथनं पालथ्या हातानं डोळे पुसले. "सगळी एका जागी आली की सह्या हुत्यात, म्हणली."

"मग कोण कोण होतं रे?"

"मी हुतो," तो म्हणाला.